आईचा लाल टाका

वाई, शुक्रवार. दिवेलागण.

चैत्रातल्या हळदीकुंकवाला घरी शिवलेला टॉप घालून गेले, हीच चूक. कैरीच्या रंगाचा, आखूड, बिनबाह्यांचा. एका ब्लाउजपीसात बाह्या बसणार कुठून? आणि या उकाड्यात हव्यात कुणाला? आंब्याची डाळ वाढता वाढता धाकटी जाऊ सगळ्यांदेखत म्हणाली, "आवं ताई, हे तर मीच तुमच्या ओटीत घातलेलं कापड! ओटीतलं कुणी शिवतं व्हय? पुढं सरकवायचं असतंय ते." बायका खुदखुदल्या.

मोठी शहाणी! आलेला ब्लाउजपीस घडीही न मोडता दुसरीच्या ओटीत ढकलायचा, हा हिचा मान आणि ही हिची माया. घडी उलगडली असती तर कोपऱ्यातला लाल दोऱ्याचा टाका दिसला असता. माझ्यासाठी घेतलेल्या कापडाला आई तो घालायची. देण्याघेण्याच्या गठ्ठ्यात मिसळू नये म्हणून.

मग तोंडावर बोलले का नाही? कारण जावेच्या ओटीत ते पहिल्यांदा मीच घातलं होतं. आई होती तेव्हा. घाईत गठ्ठ्यातलं वरचं उचललं आणि दिलं. मी तरी कुठे घडी उलगडली होती? हसायचंच तर मला हसावं.

आई गेल्यावर ते फिरून माझ्याकडे आलं, तेव्हा टाका दिसला. म्हणूनच कात्री लावली. एकदा शिवलं की कुणाच्या ओटीत जात नाही. लाल टाका मात्र उसवला नाही, मागच्या गळपट्टीत तसाच ठेवला. दुपारपासून मानेला टोचतोय.

टोचू दे.