मधलं बटण सोडून

बजाजनगर,
११ मे

प्रिय कडुबा,
तुला, सासूबाईंना आणि घरातल्या लहानमोठ्या सगळ्यांना तुझ्या दाजीचा सप्रेम जयभीम.

आजवर मी माझ्या हातानं केलेल्या वस्तू अशा: भांड्यांची मांडणी (एक स्क्रू नाही, लाकडात लाकूड), पत्र्याचा कूलर (बारा उन्हाळे झाले, चालूच), तुझ्या अक्काची एकोणीस ब्लाउजं (सतरा बसली, दोन वेळा माप देताना तिनं श्वास ओढून धरला होता), आणि निळा कोट, मधलं बटण सोडून. यातलं काही कुणी शिकवलं नाही. कंपनीत फिटर होतो, मोजमाप येत होतं, बाकी उसवून उसवून शिकलो. तुला हे माहीत आहे, तरी लिहितो, कारण पुढं लागणार आहे.

सासूबाईंचा गुडघा कसा आहे ते कळव. मी ठणठणीत आहे. पिठलं जमतं, भाकरीचा नकाशा होतो. फोन केला की तू म्हणतोस, अक्का झोपलीय. सकाळी दहाला झोपलीय, दुपारी चारला झोपलीय. मुक्ताला एवढं झोपताना मी तीस वर्षांत पाहिलं नाही, म्हणून पत्र.

तर झालं असं. चौदा एप्रिलला सकाळी कोट घालून क्रांती चौकात गेलो. पांढरा सदरा, लाल टाय, एक्केचाळीसचं ऊन. आत मी शिजत होतो, पण बाहेरून कोट म्हणजे कोट. गर्दीतून गळ्यात कॅमेरा अडकवलेली एक पोरगी आडवी आली. नाव सोनिया. गावातली माणसं रस्त्यावर काय काय घालून फिरतात त्याचे फोटो काढून मोबाईलवर टाकते. म्हणाली, "काका, लई भारी दिसताय. एक फोटो काढू?"

मी म्हणालो, थांब. रिक्षात बसून पाठीवर चुणी पडली होती आणि चुणीसकट मी फोटोत जाणार नव्हतो. (पाठीचा फोटो ती काढणार नव्हती, पण मला तर माहीत होतं.) पलीकडं इस्त्रीचा गाडा होता. गाडेवाल्याला सांगितलं, इस्त्री तुझी, हात माझा. तो म्हणाला, "चचा, बीस साल से मैं क्या घास काट रा यहाँ?" शेवटी त्यानं बाही धरली, मी पाठ केली. अर्धा तास गेला, मागं गिऱ्हाइकांची रांग लागली, पण चुणी गेली.

मग उभा राहिलो, पंजा मधल्या बटणावर ठेवून. पोरगी म्हणाली, हात खाली घ्या. घेतला. कॅमेरा डोळ्याला लावला की हात वर. अकरा फोटो झाले, अकराही फोटोंत पंजा. तिनं विचारलं, "काका, पोट दुखतंय का?"

आता ते बटण. लकव्यानंतर अक्काचा उजवा हात उठत नव्हता हे तू पाहिलंसच. मार्चात मी बाहेर असताना तिनं कोट घेतला आणि दोन दिवस बसून, त्याच हातानं, राहिलेलं एक बटण लावलं. चार भोकं, त्यातल्या दोनांतच दोरा, निळ्या कोटाला पांढरा, आणि बटण सव्वा सूत डावीकडं. (मी मोजलं, चार मिलिमीटर. मोजायला नको होतं.) मी म्हणालो, "असू दे, उसवून नीट लावतो." तिनं कोट माझ्याकडं सरकवला. चौथ्या दिवशी तू गाडी घेऊन आलास, आणि मला वाटलं, चार दिवस हवापालट.

हे सगळं मी भर चौकात त्या अनोळखी पोरीला सांगून बसलो. ती म्हणाली, "मग उसवलं का नाय?"

कडुबा, कात्रीचं टोक दोऱ्याखाली घातलं होतं. आतून पाहिलं, तर गाठी. मी एका बटणाला एक गाठ मारतो. तिनं नऊ मारल्या होत्या. कात्री खाली ठेवली.

"मग लपवताय कशाला?"

मी म्हणालो, "लपवतो कुठं? गर्दीत कुणाच्या पिशवीत अडकून तुटलं तर? लावणारी घरी नाय."

तिनं गर्दीतल्या चौघांना बाजूला सरकवलं, मोकळी जागा केली आणि म्हणाली, आता घ्या हात खाली. तो बारावा फोटो, तोच तिनं मोबाईलवर टाकला. लोकांना कोट दिसलाच नाही, सगळे बटणाचं विचारतायत. निराला बाजारातला एक कपड्याचा दुकानदार घरी आला, म्हणाला, अशाच तिरक्या बटणाचे कोट शिवून द्या. मी बसलो. सहा बटणं लावली. सहाही सरळ. माझ्या हातून ते होत नाही, हे त्याला सांगताना मला पहिल्यांदाच लाज वाटली नाही.

बाकी सगळं ठीक आहे. काही विशेष नाही.

तुझा दाजी,
पुंजाराम

ता. क. १: फोटो सोबत आहे. अक्काला दाखवू नकोस, तिच्या उशाशी विसरून जा.

ता. क. २: विसावं ब्लाउज बेतलंय. उजवी बाही सैल ठेवायची आहे, किती ते मनानं ठरवणार नाही. माप घ्यायला माणूस समोर लागतं.

ता. क. ३: एवढ्यानंही ती उठली नाही, तर हे मोठ्यानं वाच. भांडायला ती कुठूनही येते, आणि आली तर मी ऐकून घेईन. त्या दुकानदारानं नंतर हाच कोट मागितला, बटणासकट, आणि मी तिला न विचारता नाही म्हणालो. पंचेचाळीस हजार. रोख.