बोटीवर न्यायचा कोट

२ मार्च
नवीन वही. आजपासून रोज लिहायचं. कोणी वाचणार नाही, म्हणून सगळं खरं लिहायचं. अक्षरही सुधारेल. मास्तर म्हणायचे, तुझं अक्षर म्हणजे वाऱ्यावर वाळत घातलेले कपडे. नववीत मी शाळा सोडली. खरं लिहायचं ठरलंय, तर शाळेने मला सोडलं.

दादाचा फोन आला. बाबांनी शिलाईचं दुकान बंद केलं. चाळीस वर्षं चालवलं, आता डोळे साथ देईनात. म्हणून दादा-वहिनी त्यांना क्रूझवर नेतायत. चार रात्री. बोट सुटते ती मी राहतो त्याच शहराच्या बंदरातून. माझंही तिकीट काढलंय. बाबांची अट होती म्हणे, धाकटा असेल तरच येतो.

मी म्हणालो, रजेचं बघावं लागेल, डिपार्टमेंट माझ्यावर आहे. घरी सांगितलंय, मी गारमेंट केअरचा इन-चार्ज आहे. हे खोटं नाही. लाँड्रीत इस्त्री मारतो, म्हणजे गारमेंटची केअरच करतो. आणि माझ्या टेबलाचा चार्ज माझ्याकडेच आहे.

शेवटी बाबा फोनवर आले. म्हणाले, तो कोट आण. बाकी काय वाट्टेल ते आण.

३ मार्च
पोट बरं नाही. लिहिलं नाही.

५ मार्च
सगळं खरं लिहायचं ठरलंय, तर कोटाचंही लिहून टाकतो.

मी इकडे परदेशात निघालो तेव्हा बाबांनी मला कोट शिवून दिला. गडद निळी लोकर. डोळ्यांच्या ऑपरेशनआधी त्यांनी हाताने शिवलेला शेवटचा कोट. काजंसुद्धा हाताची. पुढे शिंगाची तीन बटणं, बाबांना त्यांच्या उस्तादांनी दिलेली. तीस वर्षं डबीत जपून ठेवली होती, दादाच्या लग्नातही काढली नाहीत. एकाचा टवका उडालाय, ते बाबांनी सगळ्यात खाली लावलं. फुटकं खाली लावायचं असतं, दिसत नाही.

पहिल्या दिवशी मी तो कोट घालून लाँड्रीत गेलो. काउंटरवरच्या बाईंना वाटलं गिऱ्हाईक आलं. सर म्हणाल्या, खुर्ची दिली. मग कळलं मी मागे इस्त्रीला आलोय. हसून हसून सगळ्यांची पुरेवाट. तेव्हापासून मला तिथे ‘सर’च म्हणतात. घरी फोनवर सांगितलं, इथे मला सगळे सर म्हणतात. बाबांनी अख्ख्या गल्लीला सांगितलं.

कोट पुन्हा घातला नाही. गेल्या वर्षी माझ्या टेबलावरच्या अरुंद फळीचं, जिच्यावर बाह्या इस्त्री करतात तिचं, कापड जळलं. सुपरवायझर बाई म्हणाल्या, नवीन पुढच्या महिन्यात येईल. लोकर जाड, वाफ छान धरते. मी कोटाची पाठ कापली आणि फळीवर ताणून बसवली. बाह्या पुसायला घेतल्या. बटणं काढून पाकिटात ठेवली, म्हणजे मी काही अगदीच हा नाही.

बाबा फोनवर विचारतात, कोट वापरतोस ना? मी म्हणतो, रोज वापरतो.

८ मार्च
विचार केला. घाबरायचं कारण नाही. क्रूझचे कपडे या विषयात मी एक्स्पर्ट आहे. बोट सुटायच्या आधी दर वेळी निम्मे प्रवासी आमच्याकडेच कपडे टाकतात. तीन वर्षांत माझ्या हाताखालून किती कोट गेले असतील!

वहिनीने विचारलं, काय काय घेऊ? वहिनी शाळेत शिकवते, पण या बाबतीत माझ्यावर अवलंबून. मी फोनवर तासभर बोललो. लिनन घेऊ नका, चुरगळतं. बाबांना पांढरी पँट आणि निळ्या पट्ट्यांचा टीशर्ट मस्ट. बोटीवर सगळे तेच घालतात. वहिनीने लिहून घेतलं. मागून दादाचा आवाज आला, नक्की का रे? मी म्हणालो, दादा, माझा रोजचा धंदा आहे.

१० मार्च
माझी यादी. काळी पँट एक. पांढरा शर्ट एक. जीन्स दोन, एकीची चेन बसत नाही. टीशर्ट चार, त्यातल्या तिनांवर लाँड्रीचं नाव. कोट — बघू.

खोलीतला माझा जोडीदार लांब्या, तोही इस्त्रीलाच आहे, म्हणाला, बाबांना खरं सांगून टाक ना. मी म्हणालो, तुला बाप कळत नाही. तो म्हणाला, मला कोट कळतो, तू त्याची फळी केलीस. मी त्याच्याशी बोलणं बंद केलंय.

१३ मार्च
मार्ग सापडला! आमच्याकडे एक रॅक आहे, लोक कपडे टाकतात आणि न्यायला येतच नाहीत. तिथे निळा कोट. नंबर ३१७. चार महिने लटकतोय. कापड जरा पातळ, पण अंगात बसतो. ही चोरी नाही. सहलीनंतर परत लावणार. बेवारस कपड्याला चार दिवस माणसांत नेऊन आणतोय.

फक्त त्याची बटणं प्लॅस्टिकची आहेत. बाबांची पहिली नजर बटणांवर जाणार. डोळे अधू असले तरी बोटं शाबूत आहेत.

१५ मार्च
जेवणाच्या सुट्टीत बाबांची तीन बटणं ३१७ वर लावली. शिंप्याच्या घरात वाढलो, पण सुई कधी हातात धरली नव्हती. बाबा हाक मारायचे आणि मी मागच्या दाराने पसार. तरी जमलं. फुटकं बटण चुकून सगळ्यात वर लागलं. उसवायचा कंटाळा आला. बाबांना कळणार नाही.

१८ मार्च
लांब्याशी बोलणं सुरू केलं, त्याची बॅग मोठी आहे. कोट अजून टेबलाखालीच ठेवलाय. शेवटच्या दिवशी नेईन, म्हणजे चुरगळणार नाही. सगळं प्लॅनप्रमाणे.

२० मार्च, सकाळी साडेअकरा
सुपरवायझर बाई विचारत आल्या, ३१७ कुठाय? मालक आलाय.

मी म्हणालो, चार महिन्यांनी? बाई म्हणाल्या, तो नेहमीचाच आहे. कोट फक्त बोटीवर घालतो. उतरला की इथे टाकतो, पुढची बोट असली की येऊन नेतो. उद्या निघालाय. आण लवकर.

आणला. बाईंनी माझ्या हातातून ओढून पिशवीत घातला. बटणं काढायला दोन मिनिटं मागणार होतो, पण काय सांगून मागणार? पडद्याआडून बघितलं. पांढऱ्या मिशांचा म्हातारा. पिशवी खांद्यावर टाकून शीळ घालत गेला.

२० मार्च, संध्याकाळी
कोट नाही. बटणंही नाहीत. चला, आता लपवायला काही उरलं नाही, हाही एक फायदाच. बोट मोठी आहे. अडीच हजार माणसं. म्हातारा कशाला दिसतोय.

२१ मार्च
बंदरावर तिघं भेटले. बाबा पांढऱ्या पँटीत, निळ्या पट्ट्यांच्या टीशर्टात. पँट स्वतः शिवलेली. वहिनी म्हणाली, ऐकेनात, दुकान बंद केल्यावर हे शेवटचं म्हणून बसले, सुई मी ओवून देत होते. रांगेत दुसरं कोणीच तसं नव्हतं. एक होता, तो दोर ओढत होता. दादा माझ्याकडे बघून म्हणाला, रोजचा धंदा का रे तुझा? बाबा म्हणाले, असू दे, ढगळ आहे, हवा लागते.

मग बाबांनी माझे खांदे बघितले. तोंड नंतर. कोट?

मी म्हणालो, बाबा, आमच्या मोठ्या साहेबांना इतका आवडला की मागूनच घेतला. नाही कसं म्हणणार?

बाबा म्हणाले, बटणांसकट?

मी म्हणालो, बटणांसकट.

वाटलं चिडतील. उलट खुलले. वहिनीला सांगितलं, मग बॅगा तपासणाऱ्या पोराला मराठीत सांगितलं, परदेशातला साहेब माझ्या हातचा कोट घालतो म्हणून. त्या पोराने मान हलवली. मी बुटाची लेस बांधत राहिलो. लेस सुटलेली नव्हती.

२२ मार्च
दिवसभर समुद्र. पांढरा शर्ट आणि काळी पँट घालून जेवायला गेलो. तिघा प्रवाशांनी माझ्याकडे पाणी मागितलं. म्हणजे मी बोटीवर रुळलेला दिसतो. एकाला नेऊन दिलं. बाबांनी लांबून बघितलं आणि मान फिरवून खिडकीबाहेर बघत बसले.

२३ मार्च
आज फॉर्मल नाइट. घडलं तसं लिहितो.

मोठा हॉल, सगळे कोटात. मी कालच्याच शर्टात, दादाचा टाय लावून. बाबांनी सूप घेतलं आणि चमचा तसाच वर धरून राहिले. समोरच्या टेबलावर पांढऱ्या मिशा, खाली निळा कोट, आणि त्यावर दिव्यात चमकणारी शिंगाची तीन बटणं.

बाबा उठले. म्हणाले, अरे, तुझे साहेब! सांगायचं नाही का, बोटीवर आहेत ते? आणि निघाले. चालत नव्हते, जवळजवळ धावत होते. मी मागे, माझ्यामागे वहिनी.

बाबांनी म्हाताऱ्याला हात जोडले. तोही उठून हसला. बाबांनी चष्मा कपाळावर चढवला, वाकले, आणि कोटाची कड बोटांत धरली. जरा चोळली. मग हळूच सोडली. माझ्याकडे न बघता म्हणाले, कापड माझं नाही. बटणं माझी आहेत.

म्हातारा भडाभडा काहीतरी बोलला. मला समजलं. मी बाबांना सांगितलं, म्हणतायत की हवा छान आहे. बाबा म्हणाले, एवढं लांबलचक बोलला आणि नुसती हवा?

वहिनी बिचारी मदतीला आली. तिला इंग्रजी उत्तम येतं. म्हणाली, नाही बाबा, ते म्हणतायत, बंदराजवळ एक लाँड्री आहे, चार महिने कोट तिथे होता, त्यांनी न सांगता नवीन बटणं लावून दिली, फार भली माणसं आहेत. मग लाँड्रीचं नाव सांगता सांगता तिने माझ्याकडे बघितलं. काल मी लाँड्रीचं नाव छापलेला टीशर्ट घालून तिच्यासोबत डेकवर फिरलो होतो.

वरचं फुटकं बटण एका दोऱ्यावर लोंबत होतं. बाबांनी खिशातून सुई-दोरा काढला. जन्मभर तो त्यांच्या खिशात असतो. वहिनीने सुई ओवून दिली. बाबांनी म्हाताऱ्याला खुणेने बसवलं, त्याच्यासमोर गुडघा टेकला, आणि भर हॉलमध्ये अंदाजाने, बोटांनी चाचपत बटण पक्कं केलं. आजूबाजूचे लोक जेवायचे थांबले. कोणीतरी फोटो काढला. पांढरी पँट गुडघ्यावर मळली. मला वाटलं, या समुद्राने मला आता गिळावं. समुद्राला काय पडलंय.

दोरा दातांनी तोडला आणि बाबांनी मला विचारलं, हे आधी कुणी लावलं होतं?

मी म्हणालो, आमच्याकडे एक आहे. नवीनच आहे.

बाबा म्हणाले, त्याला सांग, बटण कापडाला चिकटवून लावायचं नसतं. खाली दोरा चार वेळा गुंडाळायचा. आणि फुटकं वर लावायचं नसतं.

सांगतो, म्हणालो.

मग ते हळू आवाजात म्हणाले, ओरडू नकोस त्याला. कामावरून काढू-बिढू नकोस. तू इन-चार्ज आहेस ना. शिकव त्याला.

आणि जाऊन गार झालेलं सूप प्यायले. शेवटच्या थेंबापर्यंत.

२५ मार्च
उतरलो. चार दिवसांत बॅगेतलं निम्मं सामान बाहेरच काढलं नाही. निघताना बाबांनी माझ्या पाठीवर हात ठेवला, मग दोन्ही खांद्यांवरून वीत टाकून मापं घेतली. म्हणाले, भरलायस. आणखी काही नाही.

२८ मार्च
म्हाताऱ्याने कोट आणून टाकला. तोच, रॅकवरचा. नवा नंबर ४०२. माझ्याच टेबलावर आला.

बाह्या फळीवर चढवल्या. फळीवर बाबांचा कोट, वर हा कोट. खालची दोन बटणं ओढून बघितली, दोन्ही हलतात. वरचं हलत नाही. लांब्याकडून सुई घेतली. ओवायलाच वीस मिनिटं गेली. सुपरवायझर बाई दोनदा येऊन गेल्या. सर, एका कोटाला किती वेळ? खालची दोन उसवून परत लावली. चार वेढे मोजून. एक तिरकं बसलंय. फुटकं खाली घ्यावं असं मनात होतं, पण बाबांचा टाका तोडायला कात्री चालेना. वरच राहिलं. दिसतं.

संध्याकाळी बाबांचा फोन. पहिला प्रश्न, तो शिकला का?

शिकतोय, म्हणालो. मग तोंडात आलं होतं, बाबा, तो मीच. पण त्यांनी मध्येच विचारलं, बटणं बघितली मी, आणि कापड? त्याचं काय झालं?

मी म्हणालो, कापड आहे. रोज वापरात आहे.

बाबा म्हणाले, जाड लोकर आहे ती. वाफ चांगली धरत असेल.

फळीबद्दल मी त्यांना कधीच काही बोललो नव्हतो.

हो बाबा, म्हणालो. धरते.