थकवा, शून्य ते दहा

३ फेब्रुवारी, सोमवार

आज ताई जेवता जेवता झोपली. हातात घास तसाच! हलवलं तर म्हणे, "डोळे मिटले होते फक्त." हॉस्पिटलच्या लाँड्रीत दिवसभर उभं राहून चादरींना इस्त्री करते, त्यामुळे "थकणारच की" हे तिचं ठरलेलं उत्तर. दोन जिने चढताना तीनदा थांबली, तेही "थकणारच की"मध्ये. डॉक्टरांनी रक्त तपासायची चिठ्ठी देऊन पंधरा दिवस झाले. ती फ्रिजवर चिकटवली आहे. दूध काढताना दोघीही बघतो.

आणि मी? लोकांच्या थकव्यावरच माझं पोट चालतं! आमच्या चाचणीत निम्म्या लोकांना अश्वगंधा, निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या, पण औषध नसलेल्या गोळ्या. कुणाला काय, ते आम्हा फोन करणाऱ्यांनाही ठाऊक नाही, ती यादी फक्त वरच्यांकडे. माझ्या वाट्याला साठ माणसं. दर आठवड्याला फोन करून थकवा विचारायचा – शून्य ते दहा. महिन्याने बाटल्या परत येतात, त्यातल्या उरलेल्या गोळ्या मोजायच्या. कोण खरंच घेतं आणि कोण नुसतं "घेते हो" म्हणतं, ते बाटली सांगते.

५ फेब्रुवारी

दुकानातून अश्वगंधा आणली. साठ गोळ्या, रोज दोन.

डोळे झाकून नाही आणली. ऑफिसात आहेत तेवढे अभ्यास वाचले. बहुतेक छोटे, थोड्या माणसांवर, दोन-तीन महिन्यांचे. थकवा थोडा उतरतो असं दिसतं, ताणही. पण औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांचाही उतरतो, थोडा कमी इतकंच. थोडक्यात, असेल किंवा नसेल. मी "असेल" तेवढं उचललं.

"आधी महिनाभर हे बघू, मग रक्ताचं," म्हटलं. ताईनं लगेच मान डोलावली. आईच्या मागे मला एकटीनं वाढवलंन, कुणाच्या बापाला घाबरली नाही, पण सुई म्हटली की पळ काढते.

आजचा थकवा – आठ. वहीत लिहिला.

१२ फेब्रुवारी

सहा!! मी अक्षरशः टाळी वाजवली. ताई हसायला लागली.

१९ फेब्रुवारी

चार. रक्ताची चिठ्ठी फ्रिजवरून काढून ड्रॉवरमध्ये टाकली. उगाच डोळ्यासमोर नको.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

मेले आज. मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं. वाटलं, कौतुक असेल – माझ्या यादीतली माणसं भराभर सुधारताहेत ना!

"दोन्ही गटांची सुधारताहेत," मॅडम म्हणाल्या. "अगदी सारखी. फोन करणाऱ्या दुसऱ्या बाईंच्या यादीत असं नाही." मग त्यांनी माझ्या फोनचं रेकॉर्डिंग लावलं. माझाच गोड आवाज – "काय काकू, आता बरंच बरं वाटत असेल, नाही?"

कागदावर प्रश्न एवढाच आहे: गेल्या आठवड्यात थकवा किती होता? बाकीचं माझं घरचं!

"माणसं भली असतात हो. इतक्या प्रेमानं विचारल्यावर कोण आठ म्हणेल?" मॅडम रागावल्या नाहीत, त्याचंच जास्त लागलं. माझे साठही जण हिशोबातून बाहेर. दोन महिने पाण्यात.

२२ फेब्रुवारी

रात्रभर तेच डोक्यात होतं. म्हणून आज ताईला मुद्दाम कोरड्या आवाजात विचारलं, फॉर्मसारखं. "गेल्या आठवड्यात थकवा किती?"

"काय गं, साहेबीण झालीस का?" मग म्हणाली, "तीन."

देवा, सुटले. ऑफिसातलं जाऊ दे चुलीत. हिचं तरी खरं आहे. चेहरा मात्र फिकट वाटला. खिडकीतल्या उजेडामुळे असेल.

२७ फेब्रुवारी

लाँड्रीतून फोन. ताई इस्त्रीच्या टेबलापाशी कोसळली. नशीब, गरम बाजूला नाही पडली.

हिमोग्लोबिन पाच पूर्णांक आठ. डॉक्टर माझ्याकडेच बघत म्हणाले, "किती महिने अंगावर काढलं हे? पाळीत एवढं रक्त जातंय, घरात कुणाला माहीत नाही?" मला नव्हतं माहीत. मी शून्य ते दहा विचारत होते, दुसरं काही विचारलंच नाही. रक्त चढवताहेत. ताईनं सुई टोचताना माझा हात धरला, त्या हाताला पकडच नव्हती.

२८ फेब्रुवारी

आज दुसरी बाटली चढवली. ओठांना जरा रंग आलाय. डॉक्टर म्हणाले, वेळेत आलात, पण जेमतेम.

दिवसभर एकच विचार. त्या गोळीनं तिला वरवर तरतरी दिली आणि आतलं दुखणं झाकलं. मीच आणली ती गोळी. आता त्या कंपनीला, त्या मुळीला, सगळ्यांना शिव्या घालतेय. स्वतःलासुद्धा.

२ मार्च, रविवार

ताईचे कपडे न्यायला घरी आले. कपाटात साड्यांच्या मागे बाटली सापडली. सवयीनं ताटलीत ओतून पाच-पाच करून मोजली. पुन्हा मोजली. एकोणसाठ.

हॉस्पिटलमध्ये जाऊन विचारलं. "पहिल्याच गोळीनं मळमळलं गं," ताई म्हणाली. "पण आकडा खाली आला की तू किती खूश व्हायचीस."