चिठ्ठीत निघालेलं नाव

प्रिय यादव,

हे पत्र तुझ्या लेकीच्या, शिल्पाच्या पाचोऱ्याच्या पत्त्यावर टाकतो आहे. फोन करता आला असता, पण फोनवर तू ‘बठ्ठं बरं शे’ म्हणून मोकळा होतोस आणि मीही पावसापाण्याचं विचारून ठेवून देतो. दोन वर्षं आपलं बोलणं एवढंच.

इकडे मका भरला आहे. नाल्याकाठच्या वावरात परवा रानडुकरांनी अर्धा एकर लोळवला. तुझ्या घराचं कुलूप तसंच आहे, ओट्यावर शेजारचे मिरच्या वाळत घालतात. माझी मोतीबाई गेल्यापासून मी सकाळी एकदाच चूल पेटवतो आणि संध्याकाळी तीच भाकरी खातो. दिवस कलला की वावरातल्या राखणीच्या माळ्यावर जाऊन बसतो. तीस वर्षं तिथं आपण दोघं बसलो, त्यामुळे अजून एका कडेलाच बसायची सवय आहे. बोलावंसं वाटतं, आणि समोर नुसता मका असतो.

मागच्या सोमवारी ग्रामपंचायतीत सभा झाली. डुकरं मारायच्या परवान्यासाठी आपल्या गावातून आठ अर्ज गेले होते. फॉरेस्टच्या साहेबांनी सांगितलं, या हंगामात दोघांनाच मिळेल, कुणाला ते गावानं ठरवा. आजवर ठरवायचं काही नसायचंच. पहिलं नाव माझं, दुसरं लीलाधरचं. यंदा विक्रम उठला. त्याचं वावर पार डोंगराला लागून आहे, पिकाचं जास्त नुकसान त्याचंच होतं. म्हणाला, “मी तीन साल अर्ज करी राहिनू. दर सालले त्याच दोन नावं. आते चिठ्ठ्या टाका.” लीलाधरला ते झोंबलं. “चिठ्ठीले काय समजस, कोनले नेम धरता येस?” असं त्यानं विचारलं. मग दोन तट पडले. कुणी म्हणे ज्याचं नुकसान त्याला परवाना द्या, कुणी म्हणे ज्याचा हात बसलेला त्याला.

सुनंदाबाई मागं भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्या रोज कुणाच्या ना कुणाच्या वावरात निंदायला जातात. त्या उठून म्हणाल्या, “बार कोन काढी, हाई ठराई राहिनात तुम्ही. वावरमा वाकेल आम्ही ऱ्हातस. आमले कोनी इचारं का?” लीलाधरनं माझ्याकडे बोट केलं. “रोहिदासनाना देखा. तीस सालमा एक बार चुकना नही. यादवभाऊले लागनं ते त्यानी सोतानीच चुकीमुये.”

यादव, मी मान खाली घातली. लोकांना वाटलं, मला तुझी आठवण येऊन वाईट वाटलं.

ती पहाट तुला मी काय सांगू. तू मक्यातून डुकरं हुसकावत यायचास, कडेला आलास की तीन शिट्ट्या मारायचास, आणि तोवर मी बंदूक खालीच ठेवायची, हे आपलं ठरलेलं. त्या दिवशी धाटं हलली आणि मी थांबलो नाही, बार काढला. दोन शिट्ट्या झाल्या होत्या. तिसरी वाजायच्या आत तुझी हाक आली. जीपमधून जळगावला नेताना तुझा गुडघा मी धोतरानं आवळून धरला होता, आणि तुझ्या कानाशी तोंड नेऊन काय बोललो ते तुला पाठ असेल. ‘मी न सांगता पुढं आलो’ असं म्हण. तू डोळे मिटूनच मान हलवलीस. हवालदार आला तेव्हा म्हणालास, “हा साहेब, मनीच चुकी शे.”

परवाना जाईल ही भीती होतीच. पण खरं सांगायचं तर रोहिदासचा बार चुकला असं गावानं म्हणू नये, हे मला तुझ्या पायापेक्षा मोठं वाटलं. मोतीबाईला मी कधी बोललो नाही. तिला कळलं असावं. बंदूक पुसायचं फडकं तिनं त्यानंतर कधी धुतलं नाही. आणि तू काठी घेऊन लेकीकडे निघून गेलास, तेव्हा तुला एसटीवर पोचवायलाही मी आलो नाही.

सभेत हात वर झाले आणि चिठ्ठ्यांच्या बाजूनं निकाल लागला. आठ चिठ्ठ्या स्टीलच्या डब्यात टाकल्या. सुनंदाबाईंनाच काढायला सांगितलं. पहिली निघाली ती माझी. लीलाधर हसला, देवालाही समजतं म्हणाला. मी उठलो. माझी चिठ्ठी रद्द करा म्हटलं आणि दोन शिट्ट्यांपासून जीपपर्यंत सगळं सांगितलं. सांगून झाल्यावर सुनंदाबाई एवढंच म्हणाल्या, “येवढं सांगाले तुमले दोन साल लागनात?” मग त्यांनी दुसऱ्या चिठ्ठ्या काढल्या. एक विक्रमची निघाली, एक लीलाधरची. आधी सगळ्या वावरांत दवंडी, मगच बार, असंही ठरलं.

तेव्हापासून माझ्या ओट्यावर कुणी येत नाही. रामराम घातला तर घेतात, थांबत नाहीत. त्यांचं काही चुकलेलं नाही.

मंगळवारी पहिल्या एसटीनं तालुक्याला गेलो. ठाण्यात बंदूक आणि तिचा परवाना जमा केला, लेखी जबाब दिला. साहेबांनी दोनदा वाचला. म्हणाले, जखमी माणूस जुन्याच जबाबावर अडून बसला तर तुमच्या या कागदाचा उपयोग नाही. ते येत्या आठवड्यात पाचोऱ्याला माणूस पाठवणार आहेत. मी तुला ओळखतो. मी म्हातारा झालो, एकटा आहे, असं म्हणून तू पुन्हा चूक अंगावर घेशील. म्हणून हे पत्र. या वेळी मला वाचवू नकोस, यादव. जे झालं तेच सांग.

तुझाच,
रोहिदास