एकच व्यक्ती असल्याबाबत

११ नोव्हेंबर
बसस्टँडसमोर विजूभाऊचे दुकान. झेरॉक्स, पॅन, पासपोर्ट, आता व्हिसा. पाटीवर ‘अमेरीका’. पासपोर्टवर मी शुभांगी, विवाह नोंदणीच्या दाखल्यावर मधुरा. त्याने दोन्ही कागद काउंटरवर शेजारी शेजारी ठेवले आणि खूश झाला.
“मॅडम, तुमच्या मिस्टरांनं तर दोन बाया केल्या!”
उपाय: प्रतिज्ञापत्र. शुभांगी व मधुरा ही एकच व्यक्ती आहे असे मीच शपथेवर सांगायचे. माझ्यावर विश्वास नाही, म्हणून माझाच शब्द हवा.

१३ नोव्हें.
साक्षीदार म्हणून सासऱ्यांची सही. बुलढाण्याला गेले. निवृत्त लिपिक; कागद दिसला की पाठ ताठ होते. मधुरा हे नाव त्यांनी पत्रिकेवरून काढले, ताटातल्या तांदळात नि.कडून, म्हणजे माझ्या नवऱ्याकडून, अंगठीने लिहवून घेतले. ते तांदूळ सासूबाईंनी दुसऱ्या दिवशी शिजवले. तिथे विषय संपायला हवा होता. पण सासऱ्यांनी नोंदणीच्या अर्जातही तेच नाव घातले. कुणी विचारले नसताना.
“आपल्याकडची रीतच हाये ते. तू काऊन मनावर घेते?”
मी घेतलेले नाही. अमेरिकेने घेतले आहे.

१९ नोव्हें.
लग्न खरे असल्याचा पुरावा. चौदा महिन्यांत नि. आणि मी एकत्र बावीस दिवस. बाकीचा संसार फोनमध्ये. विजूभाऊने तो छापून दिला, एकशे सहा पाने. वाचली.
जेवलीस का? हो. तू? हो. बोल मग. काही नाही.
कॉलेजात अकरावीला मराठी शिकवताना मी सांगते की संवादातून पात्र उभे राहते. इथे कुणी उभे राहिले नाही.
विजूभाऊ: “थोडं प्रेमाचं वरतं लावू ना मॅडम.”
म्हटले, सापडले तर लावा.

२६ नोव्हें.
नि. तिकडचा नागरिक झाला, पण नोकरी नवी. त्याच्या एकट्याच्या हमीने भागत नाही. त्याच्या ऑफिसातला मित्र दुसरा हमीदार. मी त्याला पाहिलेले नाही. त्याने लिहून दिले आहे की मी तिथल्या सरकारवर भार होणार नाही.
विजूभाऊला लगेच समजले. “म्हंजे सातबाऱ्यावर बोजा चढवतात, तसं.”
अगदी. फक्त इथे सातबारा मी.
नि. म्हणाला, त्याला थँक्यू म्हण. म्हटले. त्याने अंगठा पाठवला.

३ डिसेंबर
मुंबईच्या ठरलेल्या डॉक्टरकडे वैद्यकीय तपासणी, तारीख १८. लसी, रक्त, छातीचा एक्स-रे. खाली प्रश्न: क्षयरोग झाला होता का? उपचार घेतले असल्यास कागद आणा.
आईला वाचून दाखवले. ती मेथी निवडत होती.
“नाही लिही.”
हात थांबला नाही.
बी.ए.च्या दुसऱ्या वर्षी सहा महिने गोळ्या. पूर्ण बरी झाले. घरात त्याला अजून ‘तो खोकला’ म्हणतात.

५ डिसें.
आधी इथेच एक्स-रे काढून पाहिला. उजवीकडे वर जुना डाग. डॉक्टर म्हणाले, थुंकी तपासतीलच, पण उपचाराचे कार्ड असेल तर सांभाळून न्या. नसेल तर काय घेतले, किती घेतले, कशावरून.
कार्ड आहे. कुसुममावशीच्या नावाचे.
हे मला अर्धे माहीत होते. दवाखान्यात ‘कुसुम’ पुकारले की मी उठायचे. वीस वर्षांची होते, गंमत वाटायची. तेव्हा आधार मागत नसत.
आई: “तुझी स्थळं यायची होती. तिला दोन लेकरं झालेली. तिचं काय बिघडणार होतं?”
उरलेले अर्धे आज. पत्ताही मावशीचाच दिलेला. दुसरबीड, रेशनकार्डावर होता तसा. नाव खोटे, पत्ता खरा. आमच्या घराण्यात खोटेसुद्धा कागदपत्रांसह बोलतात.
“मग तिच्याकडं कुणी गेलं का?”
आईने मेथीचे देठ गोळा केले.

८ डिसें.
दुसरबीड. मावशी एकटी होती, सासू देवळात.
नाव तिचे म्हणून कार्ड तिच्याकडेच होते. मागितले तर पेटीतून काढून दिले. साडीच्या घडीत, प्लॅस्टिकमध्ये.
“मले वाटलंच होतं, लागंल कधी.”
तेव्हा दवाखान्याकडून आशाताई, गावची आरोग्यसेविका, पत्ता शोधत आली. दारात, मोठ्याने: कुसुम कोण? गोळ्या चालू आहेत ना? घरातल्या सगळ्यांची तपासणी करा. सासूने त्याच दिवशी लेकरांना हिच्याजवळून उचलले. दोन वर्षे लेकरे आजीजवळ झोपली.
“तू सांगितलं का नाहीस?”
“ताईनं, तुह्या मायनं, शपथ घातली होती. शुभीचं लग्न होऊ दे, मंग सांग. तुहं लग्न व्हाले दहा वर्स लागले न वं.”
हसली.
पाणी मागितले. खिडकीत एक पेला पालथा होता, बुडाशी लाल नेलपॉलिशची खूण. तिचा. अजून. तिने तोच विसळला, भरला आणि मला दिला.
प्यायले.

९ डिसें.
नि.ला सांगितले. फोनवर तिकडची सकाळ, मिक्सरचा आवाज.
“हे लग्नाआधी का नाही सांगितलंस?”
“तू विचारलंस का?”
“असं कुणी विचारतं का!”
मग शहाणपण: कार्ड फाडून टाक. न्यूमोनिया म्हण. डॉक्टरला काय सांगायचं ते सांग, पण बाबांना कळता कामा नये.
माझ्या छातीत काय आहे, हे त्याने एकदाही विचारले नाही. शेवटी सवयीने: “जेवलीस का?”
एकशे सातवे पान.

११ डिसें.
कार्ड विजूभाऊकडे नेले. तो जुना मसुदा उघडून बसला. शुभांगी, मधुरा व कुसुम ह्या एकच… इथे त्याचे बोट थांबले.
“कुसुम तर जित्ती हाये ना, मॅडम?”
“हो.”
“मंग एकच कशी होईन?”
प्रश्न बरोबर आहे. माझ्या आईला तेव्हा तो पडला नव्हता. मलाही नाही.
आता उलटे करायचे. कुसुमने शपथेवर सांगायचे की कार्डावर नाव तिचे आहे, आजार तिचा नव्हता. आईने सांगायचे की नाव तिने दिले. मुंबईचा डॉक्टर हे मानेल याची खात्री नाही. विजूभाऊला विचारले, असा कागद पूर्वी केला होता का? म्हणाला, एकच असल्याचे शेकड्यांनी केले. नसल्याचा पहिलाच.

१३ डिसें.
मसुदा घेऊन पुन्हा दुसरबीड. मावशीने चष्मा लावून दोनदा वाचला. सातवी शिकलेली, माझ्या सहकाऱ्यांपेक्षा सावकाश आणि नीट वाचते.
“सही देतो मी. पण तहसीलमध्ये नंतर. आधी इथं, माह्या घरात वाचायचं. म्हातारी ऐकंल असं, मोठ्यानं. आन् वाचंल ते ताई. तू नाही.”
“आई येणार नाही, मावशी.”
“मंग अमेरिकेले न्यूमोनिया सांग.”
न्यूमोनिया तिला कुणी सांगितला? बहुतेक आईने फोन केला असावा. म्हणजे नि.ने आईला. माझ्या आजारावर तिघांचे एकमत झाले आहे. मला कळवायचे राहिले.

१४ डिसें.
आईला अट सांगितली.
“तिच्या सासूपुढं? ती गावभर करील. बुलढाण्याला पोचायला दोन दिवस लागतील का?”
लागणार नाहीत. सासऱ्यांना कळेल. ते नि.ला विचारतील, आणि तो म्हणेल मला माहीत नव्हतं. तेवढे वाक्य त्याला चांगले येते.
आई रडली. “तुझ्यासाठीच केलं ना.”
बारा वर्षे ह्याच वाक्यावर मी जेवले. आज पहिल्यांदा त्यातली बाकीची माणसे मोजली.

१५ डिसें.
मुंबईच्या डॉक्टरचा फॉर्म भरायला घेतला. रकाना: आपण वापरलेली इतर सर्व नावे. मधुरा लिहिले. खाली ओळ रिकामी. पेन्सिलने कुसुम लिहिले. खोडले नाही. शाईनेही लिहिले नाही. न्यूमोनियासाठी वेगळा रकाना नाही. तो पाहिजे तिथे लिहिता येतो.
मुंबईची गाडी उद्या संध्याकाळी. दुसरबीडला जायचे तर उद्या सकाळीच.

१६ डिसें.
दुसरबीडची बस नऊला. मसुदा पिशवीत. आईची इस्त्रीची साडी खुर्चीवर ठेवली आहे, चष्मा त्यावर.
साडेसात. आई अजून उठलेली नाही.
उठलेली आहे. भिंतीकडे तोंड करून पडली आहे.
चहा दोघींचा ठेवते.