कागदाचा कोट

कान थो, रविवार

आई,

तुझ्या लुओमचा नदीवरूनच नमस्कार. रागावू नकोस, मी पोहायला शिकलो. अननसाच्या होडीवर काम मिळालं, पण होडीवाले साउकाका म्हणाले, "घोड्या, आधी चतुर किडा पकड आणि बेंबीला चाववून घे. त्याशिवाय पोहता येत नाही!" घेतला चाववून. अख्खा घाट हसला. इथले अननस फार गोड आहेत, बरं का. तुझा गुडघा कसा आहे?

बाबा बुडाले त्या वळणावर काल मी तळापर्यंत बुडी मारली. तिथं त्यांना थंडी वाजत असेल म्हणून तू दर श्राद्धाला कागदाचा कोट जाळून त्यांना पोचवतेस ना? पाणी कोमट असतं, आई. वरचं तरी.

यंदा कोट जरा जाड घे.

तुझाच भटक्या,
लुओम