सोळाशे तीस सालात कोणी मेलं नाही

१४ नोव्हेंबर १९५८

कोकिळेला आजपासून खाटेवरून उठू द्यायचं नाही. पुसदच्या डॉक्टरांनी बजावून सांगितलं — सहावा सरत आला आहे, आता बाळंत होईपर्यंत पडून. आधीची दोन्ही सातव्यात गेली. तिच्या नवऱ्यानं, श्रावणभाऊजींनी, परतताना बैलगाडी सबंध वाट पाऊलपाऊल हाकली.

माझी धाकटी जाऊ ती. या घरात हसणं म्हणून जे काही आहे ते तिचं. ती पडून राहणार म्हणजे घर मुकं होणार!

सासूबाईंनी नियम घातले. तिच्या कानावर वाईट काही जाता कामा नये. मरणाची बातमी नाही, भांडण नाही. दारावर तारवाला आला तरी त्याला गोठ्याच्या बाजूनं बोलवायचं.

१७ नोव्हेंबर

कोकिळा म्हणते, "विमलताई, काही वाचून दाखवा न. पडून वाचलं त माह्या डोळ्यातून पाणी येते."

मी नको म्हटलं. शकू गेल्यापासून मोठ्यानं वाचलेलं नाही. माझ्या पोरीला जाऊन दोन वर्षं झाली. पूर्वी चातुर्मासात मारुतीच्या देवळात पोथी मीच वाचायची. आता पहिल्या ओवीलाच घसा धरतो. देवाला ठाऊक आहे, तो रागावत नसेल.

ती म्हणाली पोथी नको तर राजाचं वाचा, पोरगं शूर होईल. मी विचारलं, अन् पोरगी झाली तर? तर जास्त शूर होईल!

१९ नोव्हेंबर

ग्रामपंचायतीच्या वाचनालयातून इतिहासाचं जाड पुस्तक आणलं. एकेका सालाचं एकेक प्रकरण. सोळाशे तीसचं काढलं, शिवनेरीवर जिजाबाईंचं बाळंतपण झालं ते. जन्मसालावर विद्वानांचा वाद आहे म्हणे. आमच्या पुस्तकात हेच साल, आम्ही हेच धरलं. खाटेवरच्या बाईला याहून शुभ काय वाचावं!

दुपारच्या उजेडातच बसले, रॉकेल कशाला जाळा. पहिलं पान बरं गेलं. नुसत्या तहाच्या नि किल्ल्यांच्या गोष्टी, घसा धरण्यासारखं काही नाही. दुसऱ्या पानावर मात्र आलं — आदल्याच साली सिंदखेडच्या लखुजी जाधवरावांना, म्हणजे जिजाबाईंच्या वडिलांना, मुलांसकट भर दरबारात कापून काढलं. मी थबकले. कोकिळा वाट पाहत होती, हात पोटावर.

म्हटलं, "वडील आणि भाऊ दरबारच्या कामात गुंतले असल्यामुळे त्यांना येता आलं नाही."

कोकिळा म्हणाली, "एकालेही सुट्टी नाही? आपल्या वऱ्हाडची लेक अन् बाळंतपणाले माहेरचं कुत्रंसुद्धा नाही! मले नाही पटत."

मग मी सिंदखेडहून डिंकाच्या लाडवांचा डबा पाठवला. ते पटलं.

२२ नोव्हेंबर, एकादशी

देवापुढे कान धरले. मॅट्रिक झालेल्या बाईनं छापील अक्षर खोटं पाडावं! जमाखर्चात एक पै इकडची तिकडे करत नाही मी. ही रोजनिशीसुद्धा त्याच वहीच्या मागच्या कोऱ्या पानांवर, नासाडी नको म्हणून. आणि इथे माणसंच्या माणसं जमेला धरते आहे.

देव काही बोलला नाही. दुपारी पुन्हा वाचायला बसले.

३ डिसेंबर

कापूस वेचायला सगळे शेतात. घरात आम्ही दोघी आणि सोळाशे तीस.

पुणं जाळून त्यावर गाढवाचा नांगर फिरवला, ते मी नुसतं "पुण्यात नांगरट झाली" असं वाचलं. कोकिळा म्हणाली बरं झालं, पेरणी वेळेवर झाली असेल.

सासूबाई सूप घेऊन दाराशी येऊन बसतात. निवडतात काही नाही.

१२ डिसेंबर

आज दुष्काळ आला. त्या साली पाऊसच पडला नाही. पुढचं वाचवत नाही, लिहवत तर मुळीच नाही. मी म्हटलं, "पाऊस थोडा उशिरा आला."

नेमकी त्याच वेळी तांड्यावरची मोतीबाई कोकिळेच्या पायांना तेल लावत होती. मोतीबाई आमच्या गावची सुईण, म्हातारी आहे पण हात लोण्यासारखा. तिला माहीत आहे. या बंजाऱ्यांचेच पूर्वज बैलांच्या पाठीवर धान्य लादून मुलखात फिरायचे. तांड्यात जुनी गाणी आहेत. ती म्हणाली, "उशिरा? अवो बाई, त्या साली बैलं त मेलीच, पण माणसं —"

मी डोळे वटारले. तिनं तेलाची वाटी खाली ठेवली, पुन्हा उचलली.

"— माणसं आमची वाट पाहून राह्यली होती. मंग आमचा तांडा आला धान्य घेऊन. बैल किती लिवले तुमच्या पुस्तकात? कमी लिवले असतील पाहा. आमचं नेहमी कमीच लिवते."

कोकिळेनं विचारलं, सगळ्यांना पुरलं? मी म्हटलं सगळ्यांना. मोतीबाईनंही मान हलवली. दोघी मिळून खोटं बोललो, एका शब्दाची चूक नाही.

ओसरीवर मात्र तिनं मला धरलं. म्हणाली, "आमच्यात पोरगी सासरी जाते तवा गळ्यात पडून गाऊन रडतो. कोणी गेलं तवाही गाऊन रडतो. तुमच्या शकूले तुम्ही कवा रडल्या, बाई? मी त नाही ऐकलं."

मी तेलाची वाटी घासायला घेतली.

२५ डिसेंबर, दत्तजयंती

सातवा सरला! सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली. कोणी काही बोललं नाही, दृष्ट लागेल म्हणून. भाऊजी उगाच दोनदा खोलीत येऊन "खुरपं कुठं आहे" विचारून गेले. खुरपं खोलीत कशाला असेल!

९ जानेवारी १९५९

आज बुऱ्हाणपूर. शहाजहान बादशहा फौज घेऊन उतरलेला, आणि बेगम मुमताजमहल त्याच्याबरोबर. त्या साली तिथं तिला मुलगी झाली. हे मला जसंच्या तसं वाचता आलं, केवढं बरं वाटलं! बाई सुखरूप, मूल सुखरूप.

पण पान उलटलं की सोळाशे एकतीस. पुन्हा बाळंतपण, आणि त्यातच ती गेली. कोकिळेनं चुकून पुस्तक हाती घेतलं तर? वाचनालयाचं पुस्तक, खळ लावणं शोभत नाही. सुई घेतली आणि पुढच्या दोन पानांना शिवणाच्या दोऱ्यानं दोन टाके घातले.

कोकिळा म्हणाली, "पुढं तिचं काय झालं?"

"साल संपलं," म्हटलं.

१५ जानेवारी

साल संपलं तरी ती सोडत नाही. पुन्हा पहिल्यापासून वाचतो आहोत. आता लाडवांचा डबा कमी पडतो, म्हणून जाधवराव स्वतः शिवनेरीवर येऊन जातात. बरोबर मुलं. एका मामानं तर बाळाला कडेवर घेतलं.

किती दिवसांनी घसा दुखतो आहे, पण वाचून वाचून.

७ फेब्रुवारी

काल संध्याकाळी कळा सुरू झाल्या. पुसदला नेण्याइतका वेळच नव्हता. मोतीबाई पदर खोचून आत. बाळ आडवं होतं. मोतीबाई बोलेनाशी झाली तेव्हाच मला कळलं. भाऊजी अंगणात उभे, यांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवलेला.

कोकिळेनं माझं मनगट धरलं. "वाचा."

पुस्तक नव्हतं जवळ. तोंडानंच सांगत गेले — शिवनेरी, माहेरची माणसं, तांडा येतो आहे, बैलांच्या गळ्यातल्या घंटा ऐकू येतात, धान्य सगळ्यांना पुरतं, बुऱ्हाणपूरची बाई उठून बसली. कोण, कुठलं, काय मिसळलं मला ठाऊक नाही. मोतीबाईचे हात चालू होते. मनगटावर वळ उठले आहेत.

पहाटे मुलगी झाली. रडली! दोघी बऱ्या आहेत. सासूबाई देवघरात गेल्या आणि मोठ्यानं काहीतरी म्हणू लागल्या, पण शब्द कोणालाच कळले नाहीत.

१६ फेब्रुवारी

राळेगावहून कोकिळेचे वडील पुंडलिकराव एस.टी.नं आले. नात पाहून डोळे पुसत बसले. चहा देताना सहज सांगितलं, की आम्ही तीन महिने सोळाशे तीस साल वाचत होतो.

ते हसले. "सोळाशे तीस? ते त तिचं पाठ हाये. शाळेत सातवीत असताना त्याच सालावर बोलली होती पोरगी, बक्षीस भेटलं. जाधवरावाचा खून असा सांगितला का गुर्जी रडले!"

चहा मी सांडला.

१७ फेब्रुवारी

पुंडलिकराव सकाळच्या गाडीनं गेले. मी कोकिळेला विचारलं, काहून बोलली नाहीस? तिनं बाळाला पदराखाली घेतलं. म्हणाली, "तुमी वाचून राह्यल्या होत्या न, विमलताई. दोन वर्षं घरात तुमचा आवाज नव्हता. मी मधात बोलली असती त थांबल्या असत्या."

दुपारी तिच्या खाटेशी बसून ते दोन टाके उसवले. मोठ्यानं वाचलं. पहिल्यापासून, जसं छापलं आहे तसं.

मग शकूचं बोललो. पहिल्यांदाच.